ओढ्याचे मुद्दल

नदीत किंवा तलावात किती मत्स्यबीज सोडले, यावरून मत्स्यव्यवसायाच्या प्रगतीचे मोजमाप करण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही नद्यांत बीज सोडण्याच्या कार्यक्रमाला स्थान आहे. बीज सोडणे सर्वत्र चूक आहे, असे कोणी म्हणणार नाही. जेथे धरणाने माशांची वाट अडवली आहे, तेथे कदाचित दुसरा उपाय नसेल. परंतु जी नदी स्वतःच मासे निर्माण करू शकते, तिच्यात बाहेरून मासे आणून सोडणे हा विकास की अपव्यय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अमेरिकेतील मोंटाना राज्याने तो अर्धशतकापूर्वी विचारला. त्याला मिळालेले उत्तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकानेही लक्षात घेण्यासारखे आहे.

मोंटानातील मॅडिसन नदी ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे. गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींना मासे कमी पडू नयेत, म्हणून सरकारी केंद्रांत वाढवलेले ट्राउट तेथे सोडले जात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने या नदीत आणि जवळच्या ओडेल ओढ्यात पद्धतशीर मोजणी सुरू केली. नदीच्या ज्या भागात मासे सोडणे थांबले, तेथे नैसर्गिक पैदाशीचे ट्राउट वाढले. ओढ्यात प्रयोगादाखल मासे सोडताच तेथील नैसर्गिक ट्राउट घटले. आयत्या अन्नावर वाढलेले हे पाहुणे मूळच्या रहिवाशांची घडी विसकटत होते. म्हणजे सरकार पैसे खर्च करून फुकट मिळणारे उत्पादन कमी करीत होते! नैसर्गिक पैदास होणाऱ्या नद्यांत मासे सोडणे १९७४ मध्ये राज्याने बंद केले. विरोध झाला, पण धोरण टिकले. १९९४ मध्ये मॅडिसनमध्ये एका परजीवी रोगाचा प्रादुर्भाव आढळून रेनबो ट्राउटची संख्या फार घटली, तरीही राज्याने जुन्या वाटेकडे पाऊल वळवले नाही.

मात्र बीज सोडणे थांबवले की सरकारचे काम संपते, असा याचा अर्थ नव्हे. नदीने स्वतः मासे निर्माण करावेत अशी अपेक्षा असेल, तर ते जेथे निर्माण होतात ती जागा जपली पाहिजे. ट्राउटच्या बाबतीत ही जागा बहुधा लहान ओढ्यांत असते. ब्राउन ट्राउटची मोठी मादी शरद ऋतूत नदी किंवा सरोवर सोडून ओढ्याच्या थंड, वाहत्या पाण्यात चढते, शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. त्या खडीतून खेळणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवते. एरवी खोल डोहात दडून राहणारा हा मासा या दिवसांत गुडघाभर पाण्यात उघडा पडतो. वर्षभर हुलकावणी देणारे मोठे ट्राउट नेमके तेव्हाच सर्वांत सहज हाती लागतात.

ट्राउटची मादी वजनाच्या दर किलोमागे साधारणपणे दीड ते दोन हजार अंडी घालते. चार किलोची मादी अंडी घालण्यापूर्वी धरली, तर पुढच्या पिढीचे सहा ते आठ हजार दावेदार एका गळाला लागतात. त्यांतील बहुतेक एरवीही जगले नसते, हे खरे. पण जगणारे थोडे त्यांतूनच निघतात. मासा धरला नाही तरी धोका टळत नाही. ओढ्यात उतरणाऱ्या माणसाच्या पायांखाली खडीतील अंड्यांचे काय होते, याचा अभ्यास मोंटानातच झाला. त्याचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी फुटण्याच्या सुमारास एकदाच तुडवले गेले, तरी ४३ टक्क्यांपर्यंत अंडी नष्ट होतात. रोज दोनदा तुडवले गेल्यास हे प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत जाते. लहान ओढ्यातील मोठा मासा हे व्याज नसून मुद्दल आहे, आणि खडीचा थर ही त्या मुद्दलाची तिजोरी आहे.

मग लहान ओढ्यात मोठा मासा धरूच नये काय? तसे नाही. व्याज खाण्याला अर्थशास्त्राची हरकत नाही. व्याज कोणते आणि मुद्दल कोणते, हे ठरवणारे नियम मात्र हवेत. हिमाचल प्रदेशातील ट्राउटच्या नद्यांत नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण हाच तेथील ब्राउन ट्राउटच्या पैदाशीचा काळ. न्यूझीलंडमध्ये टाउपो सरोवरात मिळणाऱ्या नद्यांच्या वरच्या भागांत हिवाळ्यात मासेमारीला बंदी असते, खालच्या भागात ती चालू राहते. त्या देशात ट्राउट विकण्यासही कायद्याने मनाई आहे. किंमत नाही म्हणून व्यापार नाही, आणि व्यापार नाही म्हणून ओढा उपसण्याचे प्रलोभनही नाही. पकडलेला मोठा मासा सोडून देणे, काट्याला दाते न ठेवणे, खळग्यांजवळ पाण्यात न उतरणे, हे शिस्तीचे आणखी काही भाग.

येथे एक भाबडेपणा टाळला पाहिजे. न्यूझीलंडमध्ये ट्राउट परकाच आहे. काश्मीरमध्ये तो १९०० मध्ये ब्रिटनमधून आला. मॅडिसनमधील ब्राउन ट्राउटही मूळचा युरोपचा. अनेक ठिकाणी त्याने स्थानिक माशांवर कुरघोडी केली आहे. त्यामुळे ट्राउटची पूजा बांधण्याचे कारण नाही. घ्यायचा आहे तो धडा. आणि तो आपल्या स्थानिक माशांना अधिकच लागू पडतो.

पहिला मोठा पाऊस झाला की कोकणातील नद्यांचे मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत, पऱ्ह्यांत आणि भातखाचरांत चढतात. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोणी वलगणीचे. त्यांची पोटे गाबोळीने भरलेली असतात आणि त्याच दिवसांत ते टोपल्यांनी धरले जातात. ही परंपरा जुनी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गरीब घरातले धान्य सरत आलेले असताना हेच मासे ताटात येत. त्यामुळे सरसकट बंदीची भाषा मोंटानाच्या हौशी शिकाऱ्याला शोभेल, येथील आदिवासी कुटुंबाला ती सुनावण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्याने ओढा आडवा बांधून एकही मासा वर जाऊ दिला नाही, किंवा पाण्यात विष अथवा सुरुंग वापरला, तो आपल्याच शेजाऱ्याचे पुढील वर्षाचे ताट रिकामे करतो, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

जे सर्वांचे, त्याची राखण कोणी करीत नाही आणि त्यातून मिळू शकणारा लाभ स्पर्धेत विरून जातो, असे स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीचेच उदाहरण घेऊन दाखवले. परंतु ज्यांचे पोट सामायिक साधनावर आहे ते लोक स्वतः नियम करून ते टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील दाखल्यांनी सिद्ध केले. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रामसभेने गावातील एखादा ओढा राखून ठेवावा. चढणीचे पहिले काही दिवस मोकळे सोडावेत. सापळा लावला तरी अर्धा प्रवाह खुला ठेवावा. ओढ्यातील खडी-वाळूचा उपसा थांबवावा. यांपैकी एकाही गोष्टीला कोट्यवधींची योजना लागत नाही. कदाचित म्हणूनच या गोष्टी योजनेत येत नाहीत.

सोडलेल्या बीजाचा आकडा अहवालात छापता येतो. ओढ्यात आपोआप जन्मलेल्या माशांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. मोंटानाने त्यांची मोजणी केली आणि मग आपले धोरण बदलले. आपण निदान मोजणीपासून आरंभ करावयास हरकत नसावी.