उतारा कागदावर नको, आरोग्य केंद्रात हवा

रत्नागिरी : जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. त्याच सुमारास केंद्र सरकारने त्यावरील उपचारांची प्रमाणित मार्गदर्शिका काढली, आणि सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु हा आजार इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिला, याचे उत्तर वैद्यकापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील कष्टकरी. ज्या रोग्यापाशी पैसा नाही, त्याच्या औषधाला बाजारपेठ नाही. आणि बाजारपेठ नाही तेथे खाजगी भांडवल संशोधनाकडे वळत नाही.

मग हे ज्ञान येणार कोठून? आपल्या शेजारच्या महाड तालुक्याने विंचूदंशाच्या बाबतीत त्याचे उत्तर दिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या विषाने हृदय थकून फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपले, आणि ‘प्राझोसिन’ ही रक्तदाबावरील स्वस्त गोळी त्यावर लागू पडते, हे दाखवून दिले. १९८२ व १९८६ साली ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. गंभीर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण त्या गोळीने कमालीचे घटले. सार्वजनिक आरोग्य केंद्र ही ज्ञाननिर्मितीचीही जागा आहे, एवढा याचा अर्थ स्पष्ट आहे.

राष्ट्रीय मार्गदर्शिकेने या अनुभवाशी नाते राखले पाहिजे. फुरसे आमच्या कातळाचे जुने रहिवासी. ते किंवा घोणस चावल्याचा संशय आल्यास रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवायचे; ते गोठले नाही, तर विष भिनले असे समजून प्रतिविष द्यायचे. या चाचणीला यंत्र लागत नाही. मात्र नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी बनवलेली लस सह्याद्रीतील चापड्यावर चालत नाही, आणि एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते. म्हणून प्रादेशिक संशोधनाचा खर्च शासनानेच उचलला पाहिजे.

उपचाराचा नियम छापला, की तो नागरिकाचा हक्क झाला पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तो मराठीत लागावा. शेजारी प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री कोणते डॉक्टर हजर आहेत, हेही लिहिलेले असावे. ग्रामसभेत हा हिशेब मागणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे, आणि तो पावसाळ्यापूर्वीच मागितला पाहिजे. भातलावणीला उतरलेली बाई दंशानंतर आराखड्याची वाट पाहू शकत नाही.