तिबेटचा दुकानदार आणि न्यायालयाचे दार

चीनच्या चिंघाय प्रांतातील युशू येथील ताशी वांगचुक हा तिबेटी दुकानदार २०१५ साली बीजिंगला गेला. गावातील मुलांना शाळेत तिबेटी भाषा नीट शिकविली जात नाही, सबब स्थानिक अधिकाऱ्यांवर दावा लावावा, एवढाच त्याचा हेतू होता. स्वतंत्र तिबेट आपण मागत नाही, हेही त्याने स्वच्छ सांगितले होते. त्याचे प्रकरण कोणी हाती घेतले नाही. एका अमेरिकन वृत्तपत्राने त्याच्या खटपटीची नऊ मिनिटांची चित्रफीत प्रसिद्ध केली. जानेवारी २०१६ मध्ये त्यास अटक झाली. मे २०१८ मध्ये फुटीरतेस चिथावणी दिल्याबद्दल पाच वर्षांची सजा झाली आणि त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली गेली ती हीच चित्रफीत! जानेवारी २०२१ मध्ये तो सजा भोगून सुटला.

चीनच्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात भाषण, सभा, मिरवणूक व निदर्शने यांचे स्वातंत्र्य नमूद आहे. अल्पसंख्य जमातींना आपली भाषा वापरण्याचा व वाढविण्याचा हक्क चौथ्या कलमात आहे. मग उणीव कशाची? ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याच्या तरतुदीस, म्हणजे आजच्या ३२ व्या कलमास, घटनेचा आत्मा म्हटले ते का, हे या खटल्यावरून कळते. ज्या हक्कासाठी दाद मागणेच गुन्हा ठरतो, तो हक्क केवळ छापील मजकूर होय.

१९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले व १९५१ मध्ये सतरा कलमी करार तिबेटी प्रतिनिधींच्या गळी उतरविण्यात आला. १० मार्च १९५९ रोजी ल्हासाच्या हजारो नागरिकांनी दलाई लामांच्या रक्षणार्थ नोर्बुलिंगका प्रासादास वेढा दिला. तो उठाव तोफांनी चिरडला गेला. २७ सप्टेंबर १९८७ रोजी द्रेपुंग मठातील मूठभर भिक्षूंनी ल्हासाच्या बाजारपेठेत निदर्शने केली, त्यांस अटक झाली. त्यानंतर निदर्शने वाढत गेली आणि मार्च १९८९ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. १९९३ साली द्रापची तुरुंगातील चौदा भिक्षुणींनी लपवून आणलेल्या यंत्रावर गाणी ध्वनिमुद्रित केली, म्हणून त्यांच्या सजा आणखी वाढविण्यात आल्या. चौदा स्त्रियांच्या गाण्याची एवढी धास्ती! २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी स्वतःस जाळून घेतले आहे. आत्मदहनाचा मार्ग आम्हास मान्य नाही. परंतु बोलण्याचे सर्व मार्ग ज्यांनी बंद केले, त्यांच्याकडे बोट दाखविल्यावाचून राहवत नाही.

येथे आमचे काही वाचक विचारतील की, जुन्या तिबेटात मठांच्या व सरदारांच्या जमिनीवर कुळे राबत नव्हती काय? खाटीक-लोहारांस हीन लेखले जात नव्हते काय? होय, हे खरे आहे, आणि ते झाकण्याचे आम्हास कारण नाही. लामांच्या कर्मकांडाशीही आमच्या धम्माचे नाते नाही. चीन सरकार म्हणते की, आम्ही त्या कुळांस मुक्त केले. असाच दावा इंग्रजही करीत असत. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी त्यांस तोंडावर विचारले की, तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता गेली काय, विहिरी व देवळे आम्हास खुली झाली काय? आणि लोकांनी चालविलेले राज्य मागितले. मुक्त झालेल्या कुळाच्या नातवाला हा प्रश्न बीजिंगमध्ये विचारता येतो काय? ताशी वांगचुकने तर याहून फार सौम्य प्रश्न विचारला होता.

इंग्रजी राज्य उदार होते, असे नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचे पाणी आपण प्यालो, आणि त्याच डिसेंबरात दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आपल्याच विरुद्ध निघाला. तरी दहा वर्षे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. हे दार परक्या राज्यातही उघडे होते. युशूच्या दुकानदारास तेच हवे होते.

आपल्या देशाचे काय? २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी, माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्याने आपल्या देशातील बौद्धांस निराळे वागविले असते, अशा आशयाचा इशारा दिला होता. तो ऐकला गेला नाही. आज भारतात आश्रयास असलेल्या तिबेटी माणसाला १४ व २१ ही कलमे लागू आहेत. १९ वे कलम मात्र फक्त नागरिकांसाठी आहे. म्हणूनच चीनचे अध्यक्ष मार्च २०१२ मध्ये दिल्लीस आले, तेव्हा अनेक निर्वासितांस नुसत्या निदर्शनांच्या शंकेवरून अडकवून ठेवता आले. ज्यांना नागरिकत्व आहे, त्यांच्यावर हे दायित्व अधिक येते, असे आमचे मत आहे.

गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावी १९७० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. विदर्भातील आपल्या कुटुंबांना ती दूर नाही. तिबेटी लोक १० मार्चला आपला उठाव-दिन पाळतात, त्यानंतर दहा दिवसांनी आपला महाडचा दिवस येतो. विहार-समित्यांनी त्या दिवसाच्या सभेत तेथील एखाद्या वृद्धास बोलावून त्याची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकावी. सभेची परवानगी मात्र आपल्या नावे काढावी.