मोटारीला वाफसा कळेल काय?



ऊसपट्ट्यात रात्रीचे पाणी पाजणे हे कोणत्याच घराला नवे नाही. २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, दिवसा वीज मिळण्याची वाट थोडी मोकळी झाली. तरीही अनेक ठिकाणी थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत येते. मग कर्ता माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो आणि घरची माणसे तो परत येईपर्यंत निर्धास्त झोपत नाहीत. साप-विंचवाचे भय आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावण्याचे भय, दोन्ही खरी आहेत.

त्यावर तोडगा म्हणून पुष्कळांनी 'ऑटो' बसवला. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. सोय चांगली आहे. पण या ऑटोला एकच गोष्ट कळते, वीज आली एवढीच. रानाला पाणी हवे की नको, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. परिणाम असा की ओल असतानाही ऊस रात्रभर भिजत राहतो. मुळांना हवा मिळत नाही, दिलेले खत खाली वाहून जाते, आणि निचरा नसलेल्या भारी जमिनीत क्षार वर येऊ लागतात. शिरोळ, मिरज, वाळवा या भागांतील क्षारपड आणि चोपण राने आपण पाहिली आहेत. एकेकाळची ती उत्तम राने होती. जमीन एकदा बिघडली की ती दुरुस्त करायला वर्षे आणि पैसा दोन्ही लागतात.

तेव्हा प्रश्न असा, की मोटारीला वाफसा कळेल काय? घरातील मुलगा किंवा मुलगी पॉलिटेक्निकला असेल, गारगोटीला किंवा कोल्हापूरला शिकत असेल, तर हा प्रश्न तिच्यापुढे जरूर ठेवा. त्याचे उत्तर काही शे रुपयांच्या एका लहान बोर्डात आहे.

इटलीतील इव्ह्रिया गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा बोर्ड तयार झाला. त्याचा युनो हा नमुना २०१० साली आला. त्यावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. चिप म्हणजे एक लहानसा गणकच. या चिपच्या पोटात एक भाग असा आहे की शिकणारी मुलेही त्याच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. त्याचे नाव अॅनालॉग कंपॅरेटर. मराठीत त्याला 'तुलना करणारा' म्हणू.

त्याचे काम समजायला दोन प्रकारचे काटे डोळ्यांपुढे आणा. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यावर उसाची गाडी वजनकाट्यावर चढते आणि आकडा दिसतो, इतके टन, इतके किलो. बाजारातील तागडी मात्र आकडा सांगत नाही. कोणते पारडे जड आहे, एवढेच ती दाखवते. चिपमध्ये ही दोन्ही साधने आहेत. वजनकाट्यासारखा एक भाग विजेचा दाब मोजून ० ते १०२३ असा आकडा देतो. कंपॅरेटर ही तागडी होय. तिच्या दोन पारड्यांत आपण दोन विजेचे दाब ठेवतो आणि ती जड पारडे कोणते ते सांगते. पाणी द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर तागडी पुरे होते.

युनो बोर्डावर सहा क्रमांकाचा पाय हे पहिले पारडे आणि सात क्रमांकाचा पाय हे दुसरे. सहाव्या पायाचा दाब सातव्यापेक्षा जास्त असेल तर उत्तर १, नसेल तर ०.

हे उत्तर कोठे वाचायचे? चिपमध्ये रजिस्टर असतात. रजिस्टर म्हटले की आपल्याला तलाठ्याचे दप्तर आठवते, आणि ती आठवण येथे उपयोगी आहे. सात-बाऱ्यावर जसे ठरलेले रकाने असतात, तसे चिपच्या प्रत्येक रजिस्टरात आठ रकाने असतात. प्रत्येक रकान्यात फक्त ० किंवा १ लिहिता येतो. कंपॅरेटरच्या रजिस्टराचे नाव एसीएसआर. त्यातील कामाचे रकाने असे:

एसीडी – येथे १ लिहिला की कंपॅरेटर बंद. वीज वाचवायची असेल तेव्हाच लिहावा. चिप सुरू होते तेव्हा येथे ० असतो, म्हणजे तागडी आधीपासूनच चालू असते.

एसीबीजी – येथे १ लिहिला की पहिल्या पारड्यात बाहेरचा दाब न जाता चिपचे स्वतःचे सुमारे १.१ व्होल्टचे ठाम माप बसते.

एसीओ – हाच उत्तराचा रकाना. तो फक्त वाचायचा. त्यात आपल्याला काही लिहिता येत नाही.

एसीआयई – ही शिटी समजा. कुकर चुलीवर ठेवून गृहिणी त्याच्याकडे पाहत उभी राहत नाही. शिटी झाली की वळते. येथे १ लिहिला की पारडे फिरताच चिप हातातील काम सोडून इकडे लक्ष देते.

एसीआयएस-१ आणि एसीआयएस-० – शिटी केव्हा व्हावी ते हे दोन रकाने ठरवतात. दोन्हीत ० असेल तर पारडे कसेही फिरले तरी शिटी होते. १ आणि ० असेल तर उत्तर १ वरून ० वर येताना, आणि दोन्हीत १ असेल तर ० वरून १ वर जाताना.

एसीआय – शिटी झाल्याची खूण येथे उमटते.

एसीआयसी – हा वेळ मोजण्याच्या कामाचा रकाना; आपल्याला त्याची गरज नाही.

आता रानाकडे येऊ. ओल ओळखण्यासाठी जिप्समची वडी वापरावी. अमेरिकेत बोयूकोस आणि मिक या शास्त्रज्ञांनी १९४० साली ही पद्धत मांडली. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या वडीत एकमेकींना न टेकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या बसवायच्या आणि वडी मुळांच्या थरात पुरायची. माती ओली असली की वडी ओल घेते आणि विजेला कमी अडवते. माती सुकली की वडीही सुकते आणि अडवणूक कितीतरी पट वाढते. बाजारातील उघडे दोन दातांचे काटे स्वस्त मिळतात. पण ते लवकर गंजतात, आणि क्षारपड रानात तर ते फसवतात. क्षारामुळे वीज सहज वाहते आणि कोरडे रानही ओले भासते. जिप्समच्या वडीत हा दोष कमी असतो. वडी मात्र हळूहळू विरघळते, म्हणून ती काही हंगामांनी बदलावी लागते.

जोडणी साधी आहे. पाच व्होल्टकडून दहा किलो-ओहमचा रेझिस्टन्स, त्यापुढे वडी आणि वडीचे दुसरे टोक जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला. रेझिस्टन्स आणि वडी यांच्या सांध्यावरून एक वायर सातव्या पायाला आणावी. माती सुकेल तसा या सांध्यावरचा दाब चढतो. सहाव्या पायाला, फिरवून दाब कमी-जास्त करता येणारा प्रीसेट जोडावा. तोही त्याच पाच व्होल्टवर असावा. म्हणजे व्होल्टेज थोडे खाली-वर झाले तरी दोन्ही पारडी बरोबरच हलतात आणि निवाडा चुकत नाही. या जोडणीत एसीओ १ असेल तर रानात ओल आहे, ० असेल तर रान तहानले आहे.

वडीला सतत वीज देऊ नये, पट्ट्या लवकर खराब होतात. वडीकडे जाणारे पाच व्होल्ट चिपच्या एखाद्या मोकळ्या पायावरून द्यावेत; तासातून एकदा, क्षणभर, उत्तर वाचण्यापुरते. म्हणून ओलीच्या कामाला शिटीची गरज नाही. माती काही कुकरसारखी क्षणात उतू जात नाही. तासाला एकदा एसीओ वाचला म्हणजे झाले.

प्लॉट अनेक असतील तर आणखी एक सोय आहे. एडीसीएसआरबी नावाच्या दुसऱ्या रजिस्टरात एसीएमई नावाचा रकाना आहे. त्यात १ लिहून आकडा मोजणारा भाग बंद ठेवला, तर युनोच्या ए-० ते ए-५ या सहा पायांवरील वड्या आळीपाळीने दुसऱ्या पारड्यात घेता येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रीसेट कोठे थांबवायचा? हे चिप सांगणार नाही, चिपची माहितीपुस्तिकाही सांगणार नाही. हे तुमच्या मुठीला ठाऊक आहे. पाण्याच्या तोंडाशी नव्हे, तर प्लॉटच्या मधल्या भागात, सरीत मुळांजवळ वीत-सव्वा वीत खोल वडी पुरा. पाणी दिल्यानंतर रोज शेजारची तेवढ्याच खोलीची माती काढून मुठीत दाबा. वाफसा ओसरून, गोळा जेमतेम वळतो आणि बोटाने दाबताच फुटतो, असा 'आता पाणी द्यावे' वाटणारा दिवस आला की प्रीसेट हळूहळू फिरवा. बोर्डावरील दिवा ज्या जागी नुकताच पेटतो तेथे तो सोडा. भारी जमिनीची जागा वेगळी आणि माळरानाची वेगळी. शेजाऱ्याची खूण आपल्या रानाला लावू नये.

काही धोके आधीच ध्यानात घ्यावेत. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी असताना तागडी थरथरते, तसे उत्तरही काठावर १-०, १-० असे नाचते. मोटार थेट जोडली असेल तर कॉन्टॅक्टर खडखडून जळेल. म्हणून लागोपाठ तीन तासांची उत्तरे 'कोरडे' अशी आली तरच ती खरी मानावीत. दुसरे, उंदराने वायर कुरतडली किंवा भांगलणीत खुरप्याने तोडली, तर सांध्यावरचा दाब चढतो आणि चिपला रान कोरडे वाटते. म्हणून मोटार किती तास चालावी याची कमाल मर्यादा वेगळी घातलेली असावी. तिसरे, चिपच्या पायातून वीस मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी. रिले चालवायला मध्ये ट्रान्झिस्टर हवाच. आणि थ्री फेजच्या स्टार्टरला हात परवानाधारक वायरमनचाच लागावा. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले काढू नयेत. चिप त्यांची जागा घेत नाही.

माझी शिफारस अशी आहे की पहिला हंगाम मोटार जोडूच नये. नुसता दिवा लावावा. दिवा काय म्हणतो आणि मूठ काय म्हणते, हे घरातील मुलांनी वहीत तारखेनिशी टिपावे. दोघांचे जुळू लागले की मगच पुढे जावे. ज्यांचे पाणी उपसा संस्थेच्या पाळीवर येते, त्यांना तर मोटार जोडण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी हा दिवा एवढेच सांगेल की ही पाळी घ्यायची की सोडायची. एक अनावश्यक पाळी सोडली तरी ते पाणी पुढच्या रानाला मिळते आणि आपल्या घरातील माणूस त्या रात्री घरी राहतो.

तात्पर्य, तागडी चिपची असली तरी माप शेतकऱ्याचे आहे. ज्याला वाफसा ओळखता येतो त्याच्याच हाती हे साधन उपयोगी पडेल. मुलांना रजिस्टरातील रकाने शिकू द्या आणि तुम्ही त्यांना मुठीत माती दाबायला शिकवा.

पुढील लेखात विहिरीतील पाणी संपत आल्याचे याच तागडीने कसे ओळखावे ते पाहू. तेथे मात्र शिटी लागेल.