पाऱ्याला सावली, लेकराला पत्रा

एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एक ठराविक मजकूर न चुकता अवतरतो. कडक उन्हात लहान मुलांना घरात कसे रमवावे, याचे मार्गदर्शन त्यात असते. रंगीत कागदांच्या घड्या घालाव्यात, मणी ओवावेत, बैठे खेळ मांडावेत, खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा आणि अधूनमधून लिंबाचे सरबत द्यावे. सल्ल्यात वावगे काही नाही. मात्र तो ज्या घराला उद्देशून लिहिलेला असतो, त्या घरात किमान दोन खोल्या असतात, कूलर असतो, तो चालवायला वीज असते आणि दुपारी घरी थांबली म्हणून जिची चूल विझत नाही अशी आई असते. परभणी जिल्ह्यातील शेतमजुरांच्या, वीटभट्टी कामगारांच्या आणि ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांत असे घर शोधून सापडणार नाही. ज्यांना सल्ल्याची सर्वात अधिक गरज, त्यांच्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

परभणीच्या उन्हाची महती नव्याने सांगायला नको. २०१९च्या एप्रिलअखेरीस येथील पारा ४७ अंशांपुढे गेला होता. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंश झाले की हवामानशास्त्र उष्णतेची लाट मानते आणि ४७ झाले की तीव्र लाट. पण हा आकडा मोजतात कोठे? वेधशाळेच्या प्रमाण पद्धतीनुसार तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत टांगलेला असतो. विज्ञानाच्या दृष्टीने ते रास्तच आहे. परंतु याचा अर्थ असा की, या जिल्ह्यात भर दुपारी पाऱ्याला सावली मिळण्याची निश्चिती आहे, तीन वर्षांच्या लेकराला मात्र ती नाही. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत, एका दाराच्या आणि बिनखिडकीच्या अंधारात, त्या लेकराच्या वाट्याला किती अंश येतात, याची नोंद कोणत्याही सरकारी वहीत होत नाही. लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभागाचे असते. ते मोठ्यांपेक्षा लवकर तापते, घामाने कमी निवते, आणि तहान लागली तरी पाणी कोणी दिल्यावाचून त्याला मिळत नाही.

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे दुपारी गार राहत. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि लाकडावर मातीचा थर दिलेले छत यांतून ऊन आत यायला संध्याकाळ होई. त्या घरांचे गोडवे गाऊन भागणार नाही. ती बहुशः ऐपतवाल्यांचीच होती, त्यांना दरसाल डागडुजी लागे, आणि ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात जड भिंतींखाली माणसे कशी गाडली गेली, हे मराठवाडा विसरलेला नाही. पत्रा स्वस्त, हलका आणि लगेच चढणारा, म्हणून गरिबाने तो स्वीकारला. त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो गरिबाला भूकंप आणि भट्टी यांतून एकाची निवड करायला लावणाऱ्या गृहनीतीचा.

आता या पत्र्याखाली लेकराला रमवते कोण? आई पऱ्हाट्या उपटायला, धसकटे वेचायला, भुईमूग काढायला किंवा भट्टीवर गेलेली असते. घरी उरते ती आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी. शाळेला सुट्टी लागताच तिची नेमणूक बिनपगारी दाई म्हणून होते. धाकट्याला कडेवर घेऊन ती दुपार ढकलते. सागरगोटे, चिंचोके, भातुकली हे तिचे साहित्य, आणि अलीकडे घरात असलाच तर मोबाइल. त्या पोरीचे श्रम कोणत्याही उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाहीत. तिचा डोळा लागला की धाकटी पोरे बाहेर सटकतात आणि विहिरीकडे, नदीकडे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याकडे धावतात. मग सुट्टीत मूल बुडाल्याची बातमी येते आणि आपण पालकांच्या निष्काळजीपणावर हळहळून पान उलटतो.

शासनाचे उत्तर काय? दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका अशी सूचना, आणि लाट तीव्र झाली की शाळा सकाळच्या करणे किंवा सुट्टी लवकर देणे. भर उन्हात मुलांना शाळेतून पायी परत पाठवू नये, हे कोण नाकारील? पण सुट्टी देणे म्हणजे उष्णतेचा बंदोबस्त करणे नव्हे. सुट्टीच्या आदेशाने मुलाचे ऊन कमी होत नाही. ते मूल फक्त सरकारच्या छपराखालून काढून बापाच्या पत्र्याखाली ठेवले जाते आणि जबाबदारीचा कागद निकाली निघतो. गावातील सर्वात उंच छताची, समोरासमोर खिडक्यांची, व्हरांड्याची आणि बहुधा अंगणात कडुनिंब असलेली इमारत म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. वर्षातील सर्वात कठीण आठवड्यांत नेमके तिलाच कुलूप असते.

सुट्टीत शाळा उघडता येत नाही, असे जे म्हणतात त्यांना एक जुनी गोष्ट आठवून द्यावी लागेल. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतील मध्यान्ह भोजन चालू ठेवावे. म्हणजे संकट आले असता सुट्टीतही शाळा मुलांसाठी उघडावी, हे तत्त्व या देशात कधीचेच मान्य झाले आहे. भुकेसाठी जे दार उघडते, ते उन्हासाठी का उघडू नये?

शाळेचा स्लॅबही तापतो, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. छतावर दाट चुना फासला की ऊन परतते. २०१०च्या मे महिन्यातील जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्यात घेतले. चुना, कुंचला आणि चार मजुरांचा दिवसभराचा रोजगार एवढी ही योजना आहे. तिला परदेशी कर्ज लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती कोणाला सुचत नसावी.

कामावरच्या बाईच्या मुलाची जबाबदारी समाजाची आहे, हे कायद्याने कधी मानलेच नाही असे नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती केली आणि १९७६च्या दुरुस्तीने ती तीसहून अधिक स्त्री-कामगारांच्या कारखान्यांपर्यंत आणली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. २००५च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीने तर, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर एका बाईला त्यांच्या सांभाळासाठी नेमून तिला मजुरी द्यावी आणि मुलांसाठी सावली करावी, असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात बाभळीच्या फांदीला बांधलेली लुगड्याची झोळी हेच पाळणाघर राहिले. आणि दहा बायांना धसकटे वेचायला नेणाऱ्या शेतमालकाला यांतील कोणताच नियम लागत नाही. तीस आणि पन्नास या आकड्यांच्या बाहेर उभी आहे ती या देशातील बहुसंख्य श्रमिक स्त्री.

काही सुखवस्तू मंडळी म्हणतात, आम्हीही अशाच उन्हात वाढलो. वाढले ते सांगायला उरले. जे उरले नाहीत ते लेख लिहीत नाहीत. दुसरे म्हणतात, मुलांची करमणूक हा शासनाचा विषय आहे काय? त्यांनी ताराबाई मोडकांचे आणि अनुताई वाघांचे काम समजून घ्यावे. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी दाखवून दिले की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, आणि खडे, बिया, पाने, शिंपले यांतून बालशिक्षणाचे उत्तम साहित्य होते. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. चार वर्षांच्या मुलाला चार तास स्वस्थ बसवणे कोणालाही शक्य नाही. खेळ मिळाला नाही तर ते उन्हात जाणारच. म्हणून येथे खेळ ही चैन नाही. लेकराला सावलीत धरून ठेवणारी तीच एक दोरी आहे.

मात्र हे काम पुन्हा अंगणवाडी सेविकेच्याच डोक्यावर फुकट लादण्याचा डाव कोणी मांडत असेल, तर त्याला आमचा विरोध राहील. सेविका व मदतनीस यांना आजही वेतन मिळत नाही, मिळते ते मानधन. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. ४ डिसेंबर २०२३पासून राज्यभरच्या सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. एका स्त्रीच्या मुलाला सावली देण्यासाठी दुसऱ्या स्त्रीला उन्हात उभे करणे हा समाजवाद नव्हे. उन्हाळी बालघरात काम करणाऱ्या प्रत्येक बाईला त्या कामाची पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे.

आणि दोन शब्द आपल्या घरच्यांनाही. पाणी, हमीभाव, वीज यांवर मोर्चे काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना लेकरांचा प्रश्न बायकांचा, म्हणून किरकोळ वाटतो. साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्यांना तरी असे वाटू नये. मजुरीचा दर ठरवताना आपण घामाचा हिशेब मागतो. त्याच वेळी पत्र्याखाली धाकट्याला सांभाळणाऱ्या पोरीचा घाम हिशेबाबाहेर ठेवणे, ही मालकाचीच रीत आहे.

म्हणून मागणी नेमकी ठेवू. एप्रिल व मे महिन्यांत प्रत्येक वस्तीत, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या इमारतीत, सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत बालघर चालावे. मार्चमध्येच तिच्या छताला चुना लागावा. माठ भरलेले असावेत, दुपारचे जेवण असावे, खेळ आणि गोष्टी असाव्यात आणि गावातील दोन बायांना पूर्ण मजुरीवर काम मिळावे. थोरल्या मुलींनी तेथे दाई म्हणून येऊ नये, मुले म्हणून यावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, पदाधिकाऱ्यांची सही घ्या, आणि १ मेच्या ग्रामसभेला भर उन्हात त्याच शाळेच्या दारात जाऊन पाहा. दार उघडे असेल तर आत बसून मुलांना एक गोष्ट सांगा. कुलूप असेल तर त्या दिवशीची ग्रामसभा त्या कुलपासमोरच भरवा.