पाणचिऱ्याच्या बेटावर उतरू नका
ग्वाल्हेरला पाहुणे आले की लष्कर भागातली मराठी मंडळी त्यांना किल्ला आणि जयविलास राजवाडा दाखवतात नि गाडीत बसवून देतात. चंबळ तासा-दीड तासावर, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. (तिथले बागी, म्हणजे दरोडेखोर, कधीच गेले हो!) मुरैना ओलांडून राजघाटावर होडी करा आणि उन्हाळा लागताना नदीतल्या वाळूच्या बेटांवर नजर ठेवा. काळी टोपी, पांढरं पोट, नारिंगी चोच आणि तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब, हा पाणचिरा. उडता उडता खालची चोच पाण्यात बुडवून तो सरळ रेघ ओढत जातो. मासा लागला की चोच खटकन मिटते. एवढा कसबी पक्षी, पण अंडी घालतो उघड्या वाळूत, नुसत्या खळगीत. पाणी ओसरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे चालत घरट्यापर्यंत पोहोचतात. चंबळचं अभयारण्य 1978पासूनचं, तरी चोरटा वाळूउपसा सुरूच. निदान आपण भर घालू नये. नावाड्याला आधीच सांगा, ‘दादा, लांबूनच दाखवा, बेटाला होडी लावू नका.’