आधी पाणी, मग मासे

डॉक्टरांच्या दवाखान्यात, कापडाच्या दुकानात किंवा एखाद्या उपाहारगृहाच्या गल्ल्याजवळ काचेच्या गोल भांड्यात फिरणारा सोनेरी मासा आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. गोल्डफिश या नावाने तो भारताच्या बहुतेक शहरांत सहज मिळतो. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरचा रविवारचा बाजार असो की चेन्नईचे कोलात्तूर, पाणी आणि हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून तो घरोघरी जातो. पिशवी घरी येते, भांडे नळाखाली धरून भरले जाते, मासा त्यात सोडला जातो आणि मुले टाळ्या वाजवतात. आठ-पंधरा दिवसांनी तोच मासा एका कुशीवर तरंगताना दिसतो. मग पुन्हा बाजार, पुन्हा पिशवी. या प्रकाराचे कोणाला फारसे काही वाटत नाही, हे मला खटकते.

आमच्या घरीही हेच घडले होते. मुलीच्या हट्टापायी आणलेले तीन मासे नऊ दिवसांत गेले. शेवटचा मासा मी कुंडीतल्या मातीत पुरत असताना शेजारच्या आजी म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. घरावर यायचं काही असेल, ते त्या मुक्या जिवानं आपल्या अंगावर घेतलं." त्यांचे सांत्वन मनापासूनचे होते. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "ताई, हे मासे असेच असतात. चार न्यायचे, दोन जगतील असं धरायचं." आजींनी दैवाचे उत्तर दिले आणि दुकानदाराने व्यवहाराचे. मासे का मेले, हा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

मासा मेला की संकट टळते, टाकीत आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवला की घरात लक्ष्मी नांदते, अशा समजुती अलीकडे पुष्कळ घरांत शिरल्या आहेत. श्रद्धा ज्याची त्याची असते, तिच्याशी भांडण्याचे मला कारण नाही. परंतु ज्या समजुतीमुळे एखाद्या प्राण्याचे मरण आपल्या लाभाचे ठरते, ती समजूत त्या मरणाची चौकशी कशी होऊ देईल? मासा गेला, बरे झाले, असे म्हटल्यावर भांड्यातल्या पाण्याकडे पाहायचे कोणी?

वस्तुतः गोल्डफिश हा अल्पायुषी मासा नाही. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातील हा जीव. चीनमध्ये एक हजार वर्षांपूर्वीपासून तळ्यांत आणि पुढे मोठमोठ्या रुंद तोंडाच्या रांजणांत माणसाने त्याला जोपासले आणि निवडक पैदास करून आजचे रंग व आकार घडवले. नीट सांभाळ झाल्यास तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधील एका घरातील गोल्डफिश ४३ वर्षे जगल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात आहे. जो प्राणी एका पिढीला सोबत करू शकतो, तो आपल्याकडे पंधरा दिवसांत मरतो आणि आपण त्याला नाजूक म्हणतो. त्याला तीन सेकंदांपलीकडचे काही आठवत नाही, असेही आपण सांगतो. हाही निव्वळ प्रवाद आहे. इस्राएलमधील बेन-गुरिअन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर पाण्याची टाकी बसवलेली एक चाकांची गाडी गोल्डफिशना स्वतःच्या हालचालींनी हवी तिकडे नेण्यास शिकवले; हा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला.

मग मासे मरतात कशाने? बहुतेक वेळा स्वतःच्याच उत्सर्जनाने. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया पाण्यात सोडत असतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तळ्यात किंवा नदीत हा अमोनिया साचून राहत नाही, कारण तेथे सूक्ष्म जीवाणूंची मोठी वसाहत असते. नायट्रोसोमोनास या गटातील जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच; ते रक्तात गेले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पुढे नायट्रोस्पायरा हे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि वनस्पती त्याचा खत म्हणून उपयोग करतात. नव्या भांड्यातल्या स्वच्छ, चकचकीत पाण्यात हे जीवाणू नसतात. आपण आणलेला मासा पहिल्या दिवसापासून आपल्याच विषात पोहू लागतो, आणि पाणी मात्र डोळ्यांना काचेसारखे निर्मळ दिसते. शहरातील नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते कल्ल्यांना आणखी जाळते. आमच्या तीन माशांचे मरण अशा पाण्यात होते. त्यात भर म्हणजे, पाणी गढूळ वाटले म्हणून मी एके दिवशी सगळे ओतून ताजे भरले होते. म्हणजे थोडेबहुत जीवाणू आले असतील, तेही गेले.

या विषयाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८४९ साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या एका पात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा त्याचा कयास होता. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला आणि पाणी बिघडले. वॉरिंग्टनने पाणी फेकून दिले नाही. कुजके खाणाऱ्या पाणगोगलगाई त्याने पात्रात सोडल्या आणि ते छोटे जग पुन्हा ताळ्यावर आले. जीवाणूंचे कार्य त्या काळी ठाऊक नव्हते, तरीही पात्रात मासा एकटा ठेवून भागत नाही, त्याच्याबरोबर इतर जीवांचीही सोय करावी लागते, एवढे त्याने हेरले होते. चार वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले.

गोल भांड्यावर माझा राग आहे, तो याच कारणाने. इटलीतील मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली अशा भांड्यांत मासे ठेवण्यास मनाई केली. वक्र काचेतून माशाला बाहेरचे जग वेडेवाकडे दिसते, असे त्या वेळी मोंझात सांगितले गेले. मला ही सबब दुय्यम वाटते. चार-पाच लिटर पाण्यात अमोनियाला विरायला जागा नसते आणि निमुळत्या तोंडामुळे हवेशी संपर्क येणारा पाण्याचा पृष्ठभाग तळहाताएवढाच उरतो, हा खरा दोष आहे. दोन गोल्डफिशसाठी निदान १०० लिटर पाणी हवे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा टाकीत साधारण तेवढे पाणी मावते. एवढ्या पाण्याचेच वजन १०० किलो होते. काच आणि खडी धरली की ते त्याहून वाढते. तेव्हा टाकी डुगडुगत्या मेजावर ठेवू नये. खिडकीतील थेट उन्हातही ती नको; पाणी तापते आणि शेवाळ माजते. खडी गुळगुळीत घ्यावी आणि नुसत्या पाण्याने धुवावी, साबण लावू नये.

टाकी बसली, पाणी भरले, स्पंजाचा फिल्टर आणि हवेचा पंप सुरू झाला, की मासे आणण्याचा मोह होतो. तेथेच थांबायचे आहे. नळाचे पाणी एक दिवस पसरट भांड्यात उघडे ठेवले तर क्लोरीन बरेचसे उडून जाते. मत्स्यव्यवसायात हायपो या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट प्रमाणात वापरले तर ते लगेच निघते. परंतु जीवाणूंना मात्र असे लगेच आणता येत नाही. त्यांची वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा नसतो. जीवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचे आणि ते कुजू द्यायचे. दुधाला विरजण लावावे, तसा परिचितांच्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर काम बरेच लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे संच बाजारात मिळतात. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे.

पुढचे काम फार नाही, परंतु ते चुकवता येत नाही. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून क्लोरीनमुक्त पाणी भरावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, ते कुंड्यांना घालावे. आमच्या तुळशीला ते मानवले आहे. स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा, नाही तर क्लोरीनने जीवाणू मरतात. गोल्डफिशला खरे जठर नसते, म्हणून दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. काचेजवळ येऊन तोंड उघडझाप करणारा मासा उपाशीच आहे, असे पाहुण्यांना वाटते आणि ते खाद्याची डबी शोधू लागतात. त्यांना आवरणे हे मत्स्यपालनातील सर्वांत अवघड काम असावे.

उन्हाळ्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण परदेशी पुस्तकांत याचा फारसा विचार नसतो. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. विशीच्या आसपासचे तापमान त्याला मानवते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातच्या घरात येतो. म्हणजे नागपूरच्या किंवा दिल्लीच्या मे महिन्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. शिवाय तापलेल्या पाण्यात अमोनियाचा अधिक विषारी अंश वाढतो. त्या दिवसांत झाकण उघडे ठेवून वर जाळी घालावी, पंखा पाण्यावर सोडावा, खाद्य कमी करावे. वीज गेली तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतत राहावे. हे कष्ट नको असतील, तर आपल्या हवेला सोसणारे गप्पी मासे पाळावेत. डासांच्या अळ्या खाणारे हे मासे हिवतापाच्या प्रतिबंधासाठी अनेक ठिकाणी पाण्यात सोडले जातात.

एवढा खटाटोप सामान्य घराला परवडणारा नाही, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. परंतु काचेची टाकी आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी असते. अंगणातला सिमेंटचा हौद, एखादे रुंद प्लॅस्टिकचे टब, यांत १०० लिटर पाणी राहत असेल तर मासा त्यात सुखाने राहील. चीनमध्ये तो रांजणातच राहत होता. आणि तेवढेही जमत नसेल, तर मासा न आणणे हा पर्याय सर्वांना परवडतो. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० यात प्राणी म्हणजे मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव प्राणी, अशी व्याख्या आहे. मासा तिच्यातून वगळलेला नाही. कुत्र्याला आठवडाभर कपाटात कोंडले तर शेजारी जाब विचारतील. माशाला ओरडता येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कोणी विचारत नाही.

कंटाळा आला म्हणून मासे नदीत किंवा तळ्यात सोडून पुण्य मिळवल्याचे समाधानही काही जण मानतात. पाळीव टाक्यांतून सुटलेला सकरमाऊथ मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातील मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो आणि तेथील मूळच्या माशांना त्याचा जाच होतो. ज्यांना मासे सांभाळणे झेपत नाही, त्यांनी ते दुसऱ्या पालकाला द्यावेत, पाण्यात सोडू नयेत.

आम्ही दुसऱ्यांदा टाकी मांडली, तेव्हा पाच आठवडे ती रिकामी होती. येणारा प्रत्येक जण विचारी, "यात मासे कुठे आहेत?" मुलगी सांगे, "अजून पाणी शिजतंय." तिने भिंतीवर दिनदर्शिका लावून रोजचे थेंबांचे रंग त्यावर लिहून ठेवले होते. एकोणतिसाव्या दिवशी नायट्राइटचा जांभळा रंग फिका झाला, चौतिसाव्या दिवशी तो दिसेनासा झाला. त्यानंतरच्या रविवारी दोन मासे आले. शेजारच्या आजी हल्ली सकाळी पूजा आटोपून त्यांना पाहायला येतात, आणि खाद्य टाकण्यापूर्वी मुलीला विचारतात, "आज घातलंस का गं त्यांना?"