बाईने चहा कुठे प्यायचा?

मुंबईत एखादा इराणी बंद पडला की मराठी वर्तमानपत्रांत सुतक सुरू होते. बनमस्का, मावा केक, झिजलेला संगमरवर, काळपट लाकडी खुर्च्या... मी हसत नाही. धोबीतलावच्या कयानीत (स्थापना १९०४) मीही ब्रून चहात बुडवून खाल्लाय. पण त्या हॉटेलांची खरी कमाई बेकरीची नव्हती. यझ्द-केरमानकडून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुस्लीम इराण्यांनी जिथे दुकान टाकले, तिथे गिरणी कामगार आणि कारकून शेजारी शेजारी बसले. कित्येक ठिकाणी लाकडी फळ्यांची ‘फॅमिली रूम’ असे. आज त्या आडोशाला कोणी हसेल, पण त्यामागे बाईला हक्काची खुर्ची होती.

आता माकणीला या. निम्न तेरणा धरणाचे गाव, तालुका लोहारा. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा, त्यामुळे उस्मानिया बिस्कीट आम्हाला परके नाही. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, बिस्किटाचे बारसे मात्र कुणी बदलले नाही. घोषणा देणारेही तेच बुडवतात.

‘आमच्याकडे हिंदू-मुसलमान एकाच बाकावर चहा पितात’, असे आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. कोणते हिंदू? कोणते मुसलमान? मराठवाड्याच्या खेड्यांत दलितांच्या कपबश्या वेगळ्या ठेवल्या जात, ही काही पुराणातली गोष्ट नाही. आणि बाई? ती आजही त्या बाकावर नाही. दिवसभर सोयाबीन काढून एसटीची वाट पाहणारी बाई लिंबाखाली उभी राहते. सोबत पुरुष असेल तर कप बाहेर येतो, नसेल तर तोही नाही. आमचे लोक पडद्याचे नाव सांगतात, त्यांचे लोक घरंदाजपणाचे. एवढ्या एका बाबतीत दोन्ही समाजांचे कधी भांडण झालेले मी ऐकले नाही!

हजरत खदीजा मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या, हे जुम्म्याच्या बयानात आपण अभिमानाने ऐकतो. बाहेर येऊन हॉटेलात बसतो, तेव्हा घरची बाई कुठे असते?

‘बायकांनाच नको असते’ हे उत्तर ठरलेले. विचारले कधी? चांगल्या घरची बाई हॉटेलात जात नाही म्हणता, मग आत चुलीपाशी भजी तळणारी, कप विसळणारी मालकाची बायको कोण? बाईने हॉटेलात राबलेले चालते, बसलेले चालत नाही.

मागच्या खेपेला मी थोरल्या आपाला घेऊन फाट्यावरच्या एका हॉटेलात आत जाऊन बसलो. बोलणी थांबली. पोऱ्याने दोनदा माझ्याकडेच पाहून विचारले, ‘यांना बाहेर देऊ का?’ आपा म्हणाली, ‘इथंच दे, अन् साखर कमी.’ थोड्या वेळाने एका म्हाताऱ्याने पेपर उचलून बाकावर जागा केली. दोन चहाचे पैसे तिनेच दिले.